मेथीचं मडगार्ड

भगवंतरावांनी अमरावतीहून जीप आणली त्या दिवशी अकोल्याची अर्धी जठारपेठ त्यांच्या दारात जमली होती. शेजारच्या गंगूबाईंनी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, बाजूच्या पत्र्यातल्या भोकात बोट घालून ते आतून दिसतं का पाहिलं, आणि विचारलं, "अवो भगवंतराव, मोटर मांगून येऊन राहिली काय? हा तं तिचा सांगाडा दिसते."

भगवंतरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "इंजिन पाहा बाई, इंजिन," ते म्हणाले. "अंगाचं काय घेऊन बसल्या?"

लढाई नुकतीच संपली होती आणि सरकारने लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या होत्या. ही जीप या हातातून त्या हातात करत अमरावतीच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडे आली. त्याने ती मेळघाटात सागवान ओढायला जुंपली, आणि ब्रह्मदेशात जपानी तोफांना तिचं जे वाकडं करता आलं नव्हतं ते सागवानाच्या ओंडक्यांनी केलं. मडगार्डं चेपली होती, बाजूचे पत्रे गंजून चाळणी झाले होते, आणि तळाला पत्रा कुठे संपतो न् भोक कुठे सुरू होतं ते पायाने चाचपूनच कळत असे. इंजिन मात्र पहिल्या दणक्याला सुरू व्हायचं. भगवंतराव माळी घराण्यातले. मोर्णेच्या काठी त्यांचा मळा, जुन्या शहरातल्या बाजारात भाजीचं आणि फुलांचं दुकान, आणि जठारपेठेत अलीकडेच बांधलेलं पक्कं घर. मूळ शाबूत असलं की वरचा पाला गेला तरी झाड पुन्हा फुटतं, हा त्यांचा जन्माचा अनुभव, आणि तोच त्यांनी जीपला लावला. ही त्यांची पहिली चूक. ती त्यांना कोणी सांगितली नाही असं नाही. सगळ्यांनीच सांगितली.

आता वांगी आणि झेंडू विकणाऱ्या माणसाला लष्कराची जीप हवी कशाला, असं कोणी विचारेल. तर त्याने भगवंतरावांच्या व्याह्यांना एकदा भेटून यावं.

भगवंतरावांची एकुलती एक मुलगी सुभद्रा गेल्या वैशाखात निंबखेडच्या खुशालरावांच्या घरी पडली होती. निंबखेड म्हणजे बाळापूरच्या पुढे, सडक सोडून दोन कोस आत. घर मोठं, जमीन काळीभोर, माणसं भली. एकच खोड. त्या घरात माणसांचा नंबर बैलांच्या नंतर लागत असे. पावसाळ्यात त्या दोन कोसांत असा चिखल होई की चाक आसापर्यंत रुतायचं, आणि खुशालरावांचं म्हणणं स्पष्ट होतं: "सून पाठवाले माही ना नाई. पन त्या गाऱ्यात मी माहे बैल घालनार नाई." आखाडात भगवंतराव भाड्याची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी घेऊन गेले आणि सडकेवरूनच परत आले. नागपंचमीला पायी निघाले, तर एक जोडा तिथल्या शेतात कायमचा ठेवून आले. लेक लग्नानंतर एकदाही माहेरी आली नव्हती.

सत्यभामाबाई, म्हणजे भगवंतरावांच्या पत्नी, तशा फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्या फक्त सुभद्राच्या आवडीची भरली वांगी करायच्या, आणि जेवताना स्वतः त्याला हात लावायच्या नाहीत. हे भगवंतरावांना बोलण्यापेक्षा जड जात होतं. शेवटी श्रावणात त्या म्हणाल्या, "भादव्यात महालक्ष्म्या बसतीन तवा माही पोरगी घरात पायजे. कशी आनता थे तुमचं तुमी पाहा."

म्हणून जीप.

गाडी विकत घेतली तेव्हाच तिचं अंग अमरावतीला एखाद्या मिस्त्रीकडून नीट करून आणावं, एवढा शहाणपणा भगवंतरावांजवळ होता. ते तसे एका मिस्त्रीकडे गेलेही. मिस्त्रीने मजुरी सांगितली, भगवंतरावांनी ती बाजारात घासाघीस करतात तशी केली, आणि मिस्त्री हसून म्हणाला, "शेटजी, हे पालकाची जुडी बांधाचं काम नोहे."

भगवंतरावांना कोणी वेडा म्हटलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. कंजूष तर त्यांना रोजच कोणी ना कोणी म्हणे. पण पालकाची जुडी ही त्यांच्या बापजाद्यांची गोष्ट होती. त्यांच्यासारखी जुडी अकोल्याच्या बाजारात कोणाची बांधली जात नसे. "मी झाऱ्याले डाख देतो घरी," ते ताडकन म्हणाले. "लहानपनापासून देतो. हे मोटर म्हनजे काय, एक मोठी झारीच हाय. मी करन!" शेजारी देवीदास उभा होता. हा लढाईवरून परतलेला ड्रायव्हर त्यांनी नुकताच ठेवला होता. त्याने हे वाक्य ऐकलं आणि आकाशाकडे पाहिलं. साक्षीदार झाल्यावर शब्द मागे घेण्याची सोय राहिली नाही.

अकोल्यात आल्यावर सरकार आडवं आलं. गाडी सडकेवर काढायची तर ती मोटार-इन्स्पेक्टरसाहेबांनी पास केली पाहिजे, आणि पास व्हायची तर दोन अटी: अंगावर भोक नको आणि लष्करी हिरवा रंग नको. शिवाय पेट्रोलची कुपनं. तो अर्ज शेजारच्या महादेवरावांनी लिहिला. महादेवराव कापसाच्या जिनिंगमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि जगात जे काही अडतं ते नीट अर्ज न केल्यामुळे अडतं अशी त्यांची श्रद्धा. 'पेट्रोल कशासाठी' या रकान्यात भगवंतरावांनी खरं ते सांगितलं आणि महादेवरावांनी इंग्रजीत 'मुलगी' असं लिहिलं. अर्ज परत आला. मुलगी हे कारण होऊ शकत नाही असा शेरा होता. मग 'भाजीपाल्याची वाहतूक' असं लिहिलं आणि कुपनं मिळाली. भगवंतराव सरळ माणूस. लेक आणायला जाताना गाडीत वांग्याची एक टोपली ठेवायचीच, म्हणजे सरकारशी खोटं नको, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

कामाला सुरुवात मडगार्डापासून झाली. मडगार्डाला एक खड्डा होता. भगवंतरावांनी आतून हातोडा मारला, तेव्हा खड्डा गेला आणि तिथे टेंगूळ आलं. टेंगळावर बाहेरून मारलं तर बाजूला दोन खड्डे पडले. महादेवराव ओट्यावर खुर्ची टाकून, "थोडं उत्तरेकडे मारा," असं सांगत होते. गंगूबाईंचं मत होतं की पत्रा आधी शेकला पाहिजे. देवीदासला मत विचारलं तर तो म्हणाला, "मी चालवतो जी." संध्याकाळपर्यंत हातोडा, भगवंतराव आणि पत्रा या तिघांचा समझोता झाला: पत्रा धड आतही नाही, धड बाहेरही नाही, अशा जागी थांबला.

भोकांसाठी त्यांनी घासलेटचे रिकामे डबे कापून ठिगळं काढली. आता डाख. नवसागर, कथील, कोळशाची शेगडी, सगळी तयारी झारीसारखीच. पण जीप झारी नव्हती. जाड पत्रा तापेना आणि डाख धरेना. एका ठिगळाने धरल्यासारखं केलं, भगवंतराव कौतुकाने मागे सरले, तेवढ्यात ते त्यांच्या पायावर पडलं. मग बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला लागतात तसले खिळे ठोकून ठिगळं बसवली. त्यांपैकी एकावर डब्यावरचं हत्तीचं चित्र होतं आणि तो हत्ती उलटा लागला. तो सुलटा करावा असा सल्ला रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाने थांबून दिला. भगवंतरावांनी मान वर केली नाही.

ठिगळांच्या कडांच्या फटी, खिळ्यांची टोकं आणि मडगार्डावरचे उंचसखल भाग उरले. "मुंबईला मोटारीच्या अंगाला लांबी भरतात," महादेवराव म्हणाले. "खडूची पूड आणि जवसाचं तेल. मळून लावायचं. वाळलं की दगड. मी समक्ष पाहिलेलं आहे."

खडू बाजारात नव्हता. तेल घरात होतं, पण सत्यभामाबाईंनी डब्यावर हात ठेवला. "खाच्या तेलाले हात लावसान तं पाहा. रांगेत उभं राहून आनलं थे मी."

भगवंतराव मळ्यात गेले आणि विचार करत गोठ्याजवळ बसले. समोर गाईची ढेप भिजत होती. जवसाची ढेप. आणि इथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जवसाचं तेल निघतं कशातून? जवसातून. तेल काढल्यावर उरतं काय? ढेप. म्हणजे ढेपेत थोडं तेल आलंच! शिवाय वाळलेली ढेप पहारेनेही फुटत नाही, हे गाय पाळणाऱ्या कोणालाही विचारा. खडू नको न् तेल नको. मुंबईच्या लोकांना हे सुचलं नव्हतं, कारण मुंबईच्या लोकांकडे गाई नाहीत.

ते धावतच घरी आले. गंगूबाईंनी योजना ऐकली आणि त्यात आपली भर घातली. "नुसत्या ढेपीनं काय होते? बाळापूरचा किल्ला कायच्यात बांधला म्हनतात? उडीद, मेथी अन् गूळ. माही आजी सांगे."

"त्यात चुनाही असतो," महादेवराव म्हणाले.

"चुना पत्र्याले खाते," भगवंतराव म्हणाले. चुना कालवून त्यांनी एक झारी गमावलेली होती. "चुना नाई. डिंक घालू."

अर्ध्या तासाने सत्यभामाबाईंना मेथीचा डबा जागेवर दिसला नाही. उडदाच्या पिठाचाही नाही. गुळाच्या ढेपेचा एक कोपरा गेलेला. त्या बाहेर आल्या, तर नवरा ओट्यावर मांडी ठोकून कोपरापर्यंत हात घालून परातीत काहीतरी मळत होता.

"अवो, हे लाडू कोनाचे वळून राहिले?"

"लांबी हाय," भगवंतराव गंभीरपणे म्हणाले.

सत्यभामाबाईंनी वास घेतला. "डिंक, मेथी, गूळ, उडीद. बाळंतिनीचेच लाडू झाले हे. तूप तेवढं राहिलं."

"हाय काय थोडं?"

त्या आत निघून गेल्या आणि दार जरा जोरातच लावलं.

पण खरं सांगायचं तर लांबी बसली! फटी बुजल्या, खड्डे भरले, मडगार्डाला गोलाई आली. श्रावणातल्या उन्हाच्या तिरिपीत ती हळूहळू वाळली, आणि भगवंतरावांनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन तिच्यावर मारला तर बत्ता उसळून परत आला. अमरावतीच्या मिस्त्रीला तारेने बोलावून घ्यावं असं त्यांना वाटलं. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसावा. निदान सत्यभामाबाईंचं तरी तसं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवर मुंग्या होत्या. त्या ओळीने येत होत्या आणि ओळीने जात होत्या. भगवंतरावांनी गाडीभोवती हळदीचं रिंगण काढलं. ते पाहून रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने मडगार्डाला कुंकू लावलं, आणि दुपारपर्यंत बोनटवर दोन फुलं आणि एक केळं आलं.

रंग बाजारात मिळत नव्हता. म्हणून गेरू आणला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि गाडी तुळशीवृंदावनासारखी तांबडी केली. त्याच दिवशी एक सर येऊन गेली. गेरू वाहत ओट्याच्या कडेने शेजारी उतरला आणि तिथे महादेवरावांचं वाळत घातलेलं धोतर ओघळून पडलेलं होतं. ते पुन्हा कधी पांढरं झालं नाही. गाडी डागाडागांची झाली. भगवंतराव तिच्याकडे पाहत पायरीवर बसून राहिले. महालक्ष्म्या जवळ येत होत्या, इन्स्पेक्टरसाहेब येणार होते, आणि आपण खरोखरच जुड्या बांधणारे आहोत असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

तेव्हा सत्यभामाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात जवसाच्या तेलाचा डबा होता. "गेरू पुन्हा लावा, अन् वरून हे फासा," त्या म्हणाल्या. "तेलावर पानी थांबत नाई."

"अवो पन खाचं तेल..."

"आमी बिनतेलाचं खाऊ. पोरगी आनाची हाय मले."

नवरा-बायकोने मिळून गाडीला तेल लावलं. भगवंतरावांना त्या दिवशी बायको फार सुंदर दिसली. त्यांनी तिला तसं सांगितलं नाही, पण लोक थांबून सल्ले देत ती हत्तीची बाजू तिच्याकडे न देता स्वतः घेतली.

इन्स्पेक्टर वामनराव हे नागपूरकडचे, शुद्ध बोलणारे आणि हातात छडी बाळगणारे गृहस्थ होते. त्यांनी जीपवर छडी वाजवत एक फेरी मारली. "वा! भरीव आवाज आहे. कोणी केलं?"

"घरीच," भगवंतराव म्हणाले.

साहेबांनी नाक जवळ नेलं. "वास कसला येतो हो? ओळखीचा आहे."

"मेथी, साहेब. भाजीचा धंदा हाय आपला," भगवंतराव म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मग रंगाचं नाव काय लिहायचं यावर अडलं. लाल लिहिलं तर आगीच्या बंबाचा, भगवा लिहिला तर धर्माचा, विटकरी म्हणावं तर साहेबांना त्याचं इंग्रजी आठवेना. महादेवरावांनी मध्ये पडून तीन पर्याय सुचवले. शेवटी साहेबांनी उन्हाला कंटाळून 'तांबूस' असं मराठीतच लिहिलं आणि गाडी पास झाली. पेढे वाटले. गंगूबाईंनी पेढा तोंडात टाकून सांगितलं की लांबीच जास्त गोड असन.

पोळा झाल्यावर, चांगला दिवस पाहून भगवंतराव निघाले. देवीदास चाकावर, मागे वांग्याची टोपली, आणि भगवंतराव कोट घालून पुढे. बाळापूरपर्यंत सडक होती. पुढे चिखल सुरू झाला, आणि आतापर्यंत सगळ्यांनी जिच्याकडे बोट दाखवलं त्या जीपने आपलं पाणी दाखवलं. चारही चाकं मिळून ती त्या काळ्या लोण्यातून घुरघुरत निघाली. वाटेत एक दमणी रुतलेली होती. भगवंतरावांनी तिच्यातल्या माणसांना उगीचच रामराम घातला. बाभळीच्या काट्यांनी दोन्ही बाजूंनी मडगार्डं खरवडली, वरचं तेल निघालं, भुरभुर पाऊस लागला आणि गाडीला लाडवांचा वास सुटला. पण त्या आनंदात तिकडे लक्ष द्यायला वेळ कोणाला होता?

निंबखेडला खुशालरावांच्या अंगणात जीप शिरली तेव्हा कोणी धावत आलं नाही. खुशालराव ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसले होते.

"या ईवाई," ते म्हणाले. व्याह्याला तिकडे ईवाई म्हणतात. "वाईट टायमाले आले. पाखऱ्या खाऊन नाई राहिला."

पाखऱ्या हा त्यांचा मानाचा बैल. गावच्या तोरणाखालून पहिला जाणारा. पोळ्याच्या दिवशी त्याला पुरणपोळी चारली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने चाऱ्याकडे तोंडच फिरवलं. सरकी नको, कडबा नको, हिरवं गवत नको. बैल खात नाही म्हणून खुशालरावही धड जेवत नव्हते. आणि पुरणपोळी चारली होती सुभद्राने.

"नव्या सुनेचा पहिला घास," आशाबाई, म्हणजे सुभद्राच्या सासूबाई, आतून म्हणाल्या. "तिच्या हातचं खाल्लं अन् जनावरानं तोंड मिटलं. मी काय म्हनत नाई. गाव म्हनते."

दाराआड सुभद्रा उभी होती. तिने बापाकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. ती रडली असती तर भगवंतरावांना बरं वाटलं असतं. गोठ्यात पाऊल टाकायची तिला बंदी होती, हे त्यांना नंतर कळलं.

"महालक्ष्म्यांले पोरीले न्याले आलो," ते चाचरत म्हणाले.

"बैल खाईन तवा सून जाईन," खुशालराव म्हणाले. "तोवर लोक म्हनतीन, बैलाले पाडलं अन् माहेरी पळाली. तिलेच बोल लागन." हे दुष्टपणाने म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्यावर भांडताही येईना.

विषय बदलावा म्हणून खुशालरावांनी जीपकडे पाहिलं. "अंग मजबूत दिसते. कोन्या मिस्त्रीनं केलं?"

आता इथे खरं सांगायला हवं होतं. पण सून-बैलाच्या भानगडीत भगवंतरावांची मान आधीच खाली गेली होती, आणि ती थोडी वर करायची ही एकच संधी होती. "विलायती मसाला हाय," ते म्हणाले. "अमरावतीहून मागवला. मिलिटरीतला."

देवीदासने पुन्हा आकाशाकडे पाहिलं.

मंडळी आत जेवायला बसली. बैल मलूल होता म्हणून त्याला दावणीला बांधलेलं नव्हतं. गोठ्याच्या दारात मोकळाच उभा होता. आत पिठल्याचा पहिला घास उचलतात न उचलतात तोच बाहेरून देवीदासची हाक आली. एरवी कधीही आवाज न चढवणारा तो माणूस ओरडत होता, "शेटजी! मोटर खाऊन राहिला!"

"कोन?"

"बैल!"

सगळे उष्ट्या हातांनी बाहेर धावले. पाखऱ्या जीपच्या डाव्या मडगार्डाशी उभा होता. तो ते चाटत होता, मग शिंगाने खरवडत होता, मग दातांनी तुकडा काढून डोळे मिटून चघळत होता. लांबीचा एक मोठा पोपडा सुटला होता आणि त्याखाली घासलेटच्या डब्याचा उलटा हत्ती दिसायला लागला होता.

खुशालरावांचा चेहरा पांढरा पडला. "ईवाई! थो विलायती मसाला! माहा बैल मरन! काय हाय त्यात? सांगा लवकर!"

भगवंतरावांच्या पुढे एका बाजूला त्यांची इभ्रत उभी होती आणि दुसऱ्या बाजूला बैल. त्या दोघांच्या मागे, गर्दीच्या वर टाच उचलून, सुभद्रा उभी होती. भगवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"जवसाची ढेप हाय," ते म्हणाले. "अन् उडदाचं पीठ."

"अन्?"

"मेथी. डिंक. वरून गेरू अन् जवसाचं तेल."

"अन्?"

"गूळ," भगवंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "विलायती काहीच नाई. मीच घरी मळलं. परातीत."

अंगणात पाखऱ्याच्या खाण्याचा कुडुमकुडुम आवाज येत होता. आता सगळं गाव हसणार, ही गोष्ट बाळापूरला जाणार, तिथून अमरावतीच्या मिस्त्रीपर्यंत पोचणार, असं भगवंतरावांना स्पष्ट दिसलं. खुशालराव जवळ गेले. त्यांनी लांबीचा एक तुकडा मोडला, वास घेतला, आणि जिभेवर घोळवला.

"गूळ किती टाकला?" त्यांनी विचारलं.

"अंदाजानं."

"अंदाज बरोबर हाय." आणि मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "अवं, खाऊन राहिला ना थो! पाहा ना! खाऊन राहिला!" डोळ्यांतलं पाणी त्यांनी उष्ट्या हातानेच पुसलं आणि पिठलं गालाला लागलं. "देवीदास, मोटर फिरव! ती बाजू सरली. दुसरं मडगार्ड इकडे येऊ दे, त्याले चालाचा तरास नको!"

देवीदासने जीप अदबीने फिरवली. आशाबाई पुढे आल्या. क्षणभर त्या घुटमळल्या, मग त्यांनी सुनेचा दंड धरून तिला बैलापाशी नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुह्या माहेरचा घास हाय. तूच भरव त्याले. आता पाहू दे गावाले कोनाच्या हाताले काय गुन हाय थे."

सुभद्राने बापाच्या मडगार्डाचा तुकडा मोडला. खिळा लागू नये म्हणून तो उलटसुलट करून पाहिला आणि हातावर ठेवून पुढे केला. पाखऱ्याने तो घेतला, आणि तिचा हातही चाटला. तेव्हा कुठे ती रडली, आणि लगेच हसली. भगवंतरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ती घालावीशी वाटेल इतकं डोकं आता जागेवर आलं होतं.

त्या दुपारी खुशालराव पोटभर जेवले. वांग्याची टोपली पाहून तर त्यांनी व्याह्याला मिठीच मारली. गाडी मात्र जेवण आटोपेस्तोवर पुन्हा अमरावतीहून आणली होती तशी झाली. वाटेने ठिगळांच्या प्रत्येक फटीतून चिखलाची पिचकारी आत येत होती, आणि दर पिचकारीला सुभद्रा खिदळत होती. बाळापूरच्या पुढे भगवंतराव सारखे सडकेवर नजर ठेवून होते, पण वामनरावसाहेब कुठे भेटले नाहीत.

जठारपेठेत गाडी थांबली तेव्हा लेक डोक्यापासून पायापर्यंत निंबखेडच्या मातीने माखलेली होती. सत्यभामाबाईंनी तिला हसण्यावरून ओळखलं. तशाच चिखलात तिला जवळ घेतलं, आणि मग त्यांच्याही पातळाची जी गत झाली तिच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्या रात्री भरली वांगी झाली आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेतली. गंगूबाई जीपला प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या, "भगवंतराव, तुमची लांबी कोठी गेली?"

"कामी आली," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक वांगं मागितलं. मिस्त्री काय म्हणाला होता ते त्यांना आठवलं, आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. लेकीला परत सोडायचा दिवस ठरला तशी सत्यभामाबाईंनी न सांगताच मेथी, उडदाचं पीठ आणि गूळ बाहेर काढून ठेवला, आणि भगवंतराव ढेप भिजत घालून ओट्यावर मळायला बसले. सुभद्रा पायरीवर बसून बापाचे कोपरापर्यंत भरलेले हात पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "या खेपीले जरा जास्तच लावजा. पाखऱ्या वाट पाहून राहिला असन."